दोनशे सत्तावन्न

१ सप्टेंबर, सोमवार

संस्थेच्या भांडारातून यंदाची दैनंदिनी आज मिळाली. आठ महिने उशिरा, पण सरकारी कालगणनेत हे वेळेवर धरतात. कोरी पानं बघवत नाहीत म्हणून लिहायला बसलो. दुसरं कारण नाही.

दुसरं कारण असं, की आमच्या विभागप्रमुख भानुमती मॅडमनी सकाळी बोलावून सांगितलं, 'विन्यास'ची पाचवी आवृत्ती रेवती करणार.

'विन्यास' माझं. दोन हजार नऊ साली मी एकट्यानं लिहिलं. शेतातल्या प्रयोगांची मांडणी करून देणारं सॉफ्टवेअर. बारा वाणांची तुलना करायची तर शेताचे तीन पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात बारा वाफे, आणि कुठलं वाण कुठल्या वाफ्यात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे चांगली माती एकाच लाडक्याच्या वाट्याला जात नाही. त्या चिठ्ठ्या 'विन्यास' टाकतं. देशातली एक्केचाळीस केंद्रं ते वापरतात आणि अडलं की मला लिहितात. सोळा वर्षं मी एकेकाला उत्तर देतो आहे, सविनय नमस्कारापासून सहीपर्यंत.

मॅडम म्हणाल्या, "वैशंपायनजी, आप तो फाउंडर हैं. आप गाइड कीजिए, काम बच्ची कर लेगी."

फाउंडर म्हणजे ज्याच्या तसबिरीला हार घालतात तो. तसबिरीला मत विचारायची पद्धत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

रेवती एकतीस वर्षांची आहे, परभणीची. कलेक्टर व्हायला दिल्लीला आली, दोनदा मुलाखतीपर्यंत पोचली, मग हे शिकली. तीन वर्षं गुरुग्रामला एका काचेच्या मनोऱ्यात नोकरी केली आणि तो पगार सोडून आमच्याकडे कंत्राटावर आली. याला धैर्य म्हणतात की आणखी काही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

सुधारणांची यादी घेऊन आली. वीस कलमं. शेताचा रंगीत नकाशा मोबाइलवर. प्रयोग करण्याआधीच किती पट्टे पुरतील याचं गणित. एखादा वाफा डुकरांनी खाल्ला तर उरलेल्यांचा हिशेब. आणि विसावं कलम: केंद्रांच्या प्रश्नांना आपोआप उत्तर देणारी खिडकी. म्हणजे मी.

"छान," म्हटलं. चांगल्या वळणाच्या माणसाला मत्सर व्यक्त करायला हा एकच शब्द उपलब्ध आहे.

जाताना थांबली. "सर, एक विचारू? जुन्या कोडमध्ये २५७ आहे. ते कुठून आलं?"

"जुनं जे आहे ते विचारांती आहे. हलवू नकोस."

"पण सर, ते जिथं आहे तिथं—"

"रेवती, घरात पाऊल टाकल्या टाकल्या देवघराची जागा बदलू नये."

"हो सर," म्हणाली, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

२५७ चं रहस्य या वहीखेरीज कुणाला ठाऊक नाही. पैठणला वडिलांच्या पाठशाळेत मी कटपयादी शिकलो. यात प्रत्येक व्यंजनाला एक आकडा असतो, जोडाक्षरातलं शेवटचं तेवढं धरायचं, आणि आलेले आकडे उजवीकडून वाचायचे. सु म्हणजे सात, मि म्हणजे पाच, त्रा म्हणजे दोन. उलट वाचलं की दोनशे सत्तावन्न. सुमित्रा. माझी बायको. यंत्राला चिठ्ठ्या टाकायला सुरुवातीचा एक आकडा लागतो, तो मी दिला. शिवाय ही मूळ संख्या आहे, कशानंही भाग जात नाही. सौभाग्यवतींच्या स्वभावाशी तेही जुळतं.

कुतूहल म्हणून रेवतीचा आकडा काढला. सहाशे बेचाळीस. इथंही मोठी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

यादी वीसची बावीस झाली.

एकविसावं: 'शेजारच्या वाफ्यांवरून जमिनीचा चढउतार ओळखून जुन्या प्रयोगांचे निष्कर्ष पुन्हा तपासण्याची सोय.' जुने प्रयोग पुन्हा कशाला तपासायचे? झालेल्या लग्नाची पत्रिका बघण्यासारखं आहे हे.

बाविसावं, अगदी बारीक टायपात: 'चिठ्ठ्या टाकण्याच्या पद्धतीत किरकोळ सुधारणा.'

हे मी तीनदा वाचलं. माझ्या चिठ्ठ्यांत सुधारणा! आणि तीही किरकोळ! मोठी असती तर निदान वाद घालता आला असता.

"यात काय सुधारलंस?" विचारलं.

"सर, थोडं आहे ते. निवांत सांगते."

"आत्ता सांग."

तिनं दाराकडे बघितलं. दोघं शिपाई आणि लेखा विभागाचे गुप्ताजी तिथं उभे होते. "नंतर, सर," म्हणाली.

नंतर ती आली तेव्हा मी टेबलावर नव्हतो. म्हणजे होतो, पण फोन कानाला लावून होतो. फोनवर कुणी नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार

सुमित्रानं रेवतीला जेवायला बोलावलं. मला न विचारता. सरोजिनीनगरच्या बाजारात भेटली म्हणे, अडीचशेचा कुर्ता हिनं हिंदीत भांडून दीडशेला घेऊन दिला, त्यावर मैत्री झाली.

आमची क्वार्टर्सची रांग अजून पाडायची राहिली आहे. पलीकडे नवे मनोरे उठलेत, त्यांची धूळ आमच्या गॅलरीत. त्या धुळीत बसून तिनं चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि म्हणाली, "काकू, दिल्लीत आठ वर्षांत अशी खाल्ली नाही."

हेच वाक्य मी तीस वर्षं म्हणायला हवं होतं, असं सुमित्राच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी म्हणतो, "बरी झालीय." आमच्याकडे हा सर्वोच्च सन्मान आहे.

ती गेल्यावर सुमित्रा म्हणाली, "किती मोकळी पोरगी आहे. तुमच्याबद्दल केवढ्या आदरानं बोलते."

"आदर दूरच्या वस्तूंबद्दल असतो. हिमालय, कुतुबमिनार."

"अहो, तुम्हाला जळायला होतंय का?"

मी डबे आवरायला घेतले. रेवतीला डब्यातून तूपसुद्धा दिलं होतं. मला डॉक्टरांनी बंद केलंय हे खरं, पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

अत्यंत समाधानाचा दिवस.

नवी आवृत्ती चाचणीसाठी पाच केंद्रांना पाठवली आहे. जालन्याकडच्या हरभऱ्याच्या केंद्रातून अलका या शास्त्रज्ञ बाईंचं मला पत्र आलं. खिडकीला नाही, मला. त्यांची तक्रार इथं उतरवून ठेवतो:

'सर, नव्या आवृत्तीनं वाफ्यांचा नकाशा पार बदलून टाकला. पुन्हा काढला तर पुन्हा वेगळा. आमचे दामू (क्षेत्र मदतनीस) नाराज आहेत. जुना नकाशा त्यांना तोंडपाठ आहे, कागद लागत नाही. सात नंबरचा वाफा पाटाच्या तोंडाशी असायचा, तो आता कुठल्या कुठे गेला. दामू म्हणतात, सात नंबरला दगड लावला तरी उगवतो. कृपया जुनंच चालू ठेवता येईल का?'

तोंडपाठ! माझी मांडणी! पाठशाळेत आम्ही बारा वर्षं घोकून जे मुखोद्गत केलं, ते भाग्य माझ्या सॉफ्टवेअरला लाभलं. कागदाविना, पिढीजात, बांधावर उभं राहून. गुरुग्रामच्या किती मनोऱ्यांतलं काम कुणाला पाठ आहे?

पत्राच्या तीन प्रती काढल्या. एक मॅडमना.

२३ सप्टेंबर, मंगळवार

करनालकडच्या गव्हाच्या केंद्रालाही मी आपणहून विचारलं. त्यांचंही तेच: "सर, पुराना वाला लेआउट सबको याद है." आता दोन केंद्रं माझ्या बाजूची.

रेवतीला दोन्ही पत्रं दाखवली. तिनं वाचली, पुन्हा वाचली. मला वाटलं होतं ओशाळेल. ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, जशी डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन नातेवाइकांकडे बघतात.

"सर, ही पत्रं मॅडमना दिलीत?"

"अर्थात. दहा तारखेच्या बैठकीत मांडणारही आहे."

"नका ना मांडू, सर."

"का? सत्य अडचणीचं वाटतं?"

गप्प बसली. वादात पडलेली शांतता मी माझ्या खात्यावर जमा करतो. जुनी सवय आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

दिल्लीत आपटा मिळत नाही, म्हणून आम्ही कचनारची पानं सोनं म्हणून वाटतो. आकार तोच, चुलतभाऊ म्हणायचा. रेवती सकाळीच पानांची जुडी घेऊन आली. सुमित्राला नमस्कार, मला नमस्कार, मग सुमित्रा श्रीखंड काढायला आत गेल्यावर हळूच म्हणाली:

"सर, २५७ मी वाचलं. उजवीकडून."

मी पान हातात धरून तसाच उभा.

"माझा ऐच्छिक विषय संस्कृत होता, सर. परीक्षेला."

म्हणजे हेही! कोड घेतलं, पत्रं घेतली, पुरणपोळी घेतली, आता कटपयादीही. कोणती गोष्ट मी दारं लावून ठेवायला हवी होती, हेच कळेनासं झालं आहे.

"काकूंना माहितीय?"

"नाही. आणि कळता कामा नये."

"किती सुंदर आहे, सर." आणि मग, "पण ते तिथं राहू शकत नाही. मला पाच मिनिटं द्या, मी दाखवते—"

सुमित्रा वाट्या घेऊन बाहेर आली. मी पाणी प्यायला आत गेलो आणि माठाजवळ पाच मिनिटं उभा राहिलो. तीच ती पाच मिनिटं.

ठरलं. ती माझ्या बायकोचं नाव 'विन्यास'मधून काढायला निघाली आहे. बैठकीत मी दोनच मागण्या ठेवणार. बाविसावं कलम रद्द करा, चिठ्ठ्यांची जुनी पद्धत आहे तशी ठेवा. आणि उघडताना जो पहिला पडदा दिसतो त्यावर 'मूळ रचना: श. वा. वैशंपायन'. दोन वर्षांनी मी निवृत्त होईन. त्यानंतर केंद्रातला एखादा माणूस सकाळी संगणक उघडील आणि ते नाव वाचील. माझं मागणं तेवढंच आहे. पुतळा नको.

५ ऑक्टोबर, रविवार

बैठकीत साक्षीदार हवा म्हणून दुपारी दामूंना फोन केला, अलकाबाईंकडून नंबर घेऊन. वही उघडून बसलो. सुमित्रा शेजारी मेथी निवडत होती, फोन स्पीकरवर.

"दामू, मी दिल्लीहून वैशंपायन बोलतोय. 'विन्यास' माझंच."

"आरं देवा! साहेब, तुमीच काढलं व्हय ते? लई सोपं केलंत. कागद वला व्हायची भानगड न्हाई."

"मांडणी पाठ आहे म्हणे तुम्हाला?"

"आयका की. सात, तीन, अकरा, एक, नऊ, बारा, चार, धा, दोन, आठ, पाच, सा. झाला पयला पट्टा. दुसरा आयका—"

मी लिहीत गेलो. छत्तीस आकडे, एकदाही न अडखळता. ऊर भरून आला.

"किती वर्षांपासून पाठ आहे?"

"आता बगा, पोरगी बालवाडीत व्हती, ती यंदा बारावीला बसली."

"वा! आणि दर वर्षी हेच?"

"ह्येच की! त्येच शेत, त्येच वाफं. म्याडम इचारत्यात, दामू, औंदा सातला कंचं वाण टाकू? म्या म्हनतो, ज्येला पास करायचं त्येला टाका."

फोन ठेवला. सुमित्राकडे विजयी मुद्रेनं बघितलं. तिनं मेथीची काडी मोडली.

"मला एक सांगा. तुम्ही चिठ्ठ्या टाकता ना?"

"हो."

"दर वर्षी नव्यानं?"

"अर्थात. त्याशिवाय प्रयोगाला अर्थच नाही."

"मग त्याला पाठ कसं झालं?"

मी वहीतले आकडे पुन्हा मोजले. छत्तीसच होते.

"आमच्या किटीत तंबोला असतो. दर महिन्याला तेच आकडे त्याच क्रमानं निघाले, तर बायका मला घरी सोडतील का?"

मेथी फार कडू निघाली. जेवण गेलं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सातला ऑफिसात. चौकीदारानं विचारलं, "सब ठीक है ना, साहब?"

कोड उघडलं. अकराशे बाराव्या ओळीपाशी. वापरणाऱ्यानं सुरुवातीचा आकडा दिला नाही तर यंत्रानं घड्याळातली वेळ घ्यावी, म्हणजे दर वेळी चिठ्ठ्या वेगळ्या पडतात, असं मी लिहिलं होतं. तीच ओळ पुढं बंद करून ठेवलेली. तिच्या खाली २५७. आणि शेजारी माझीच टीप: 'चाचणीपुरते. नंतर काढणे.'

ते 'नंतर' सोळा वर्षं आलं नाही.

आकडा तोच दिला की चिठ्ठ्या त्याच पडतात. प्रत्येक प्रशिक्षणात मी फळ्यावर लिहितो: सुरुवातीच्या आकड्याची चौकट रिकामी ठेवू नका. माणसं रिकामीच ठेवतात. हे मला ठाऊक असायला हवं होतं, गॅसच्या अर्जावरही मी ठेवतो. म्हणजे जालन्यात हरभरा, करनालला गहू, आणखी कुठं कुठं काय, ज्यानं ज्यानं बारा वाणं आणि तीन पट्टे मागितले त्याला हाच नकाशा मिळाला. दर वर्षी. सात नंबर पाटाच्या तोंडाशी. कुठलं तरी वाण केवळ पाण्याजवळ होतं म्हणून पास झालं असेल, आणि त्याच्याहून चांगलं एखादं शेवटच्या वाफ्यात तहानलेलं राहिलं असेल.

आणि चार सप्टेंबरला ती म्हणाली होती, "ते जिथं आहे तिथं—"

ही वही मागे चाळली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. पत्रातली तक्रार तर मी प्रेमानं उतरवून घेतलेली.

असूया या शब्दाची फोड पाठशाळेत घोकली होती: दुसऱ्याच्या गुणात दोष शोधणं. महिनाभर शोधला. मेहनत वाया गेली नाही, दोष सापडला. फक्त पत्ता माझा निघाला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

रेवतीला बोलावलं. दार लावून घेतलं.

"तुला चार सप्टेंबरपासून माहीत होतं."

"हो सर."

"मॅडमना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

ती टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिली. "मी पहिल्यांदा मुलाखतीत पडले ना सर, तेव्हा यादीत नाव नसण्यापेक्षा आईला ते दुसऱ्यांकडून कळलं, याचं जास्त लागलं होतं. मला वाटलं, तुम्हाला माझ्याकडून कळावं. एकट्यात. पण तुम्ही भेटतच नव्हता. सारखे फोनवर."

"फोनवर कुणी नसायचं."

"माहितीय सर. फोन उलटा धरायचात."

एकविसावं कलम तिनं समजावून सांगितलं. शेजारच्या वाफ्यांवरून पाण्याचा, मातीचा चढउतार काढता येतो. जुन्या प्रयोगांचे आकडे केंद्रांत आहेतच, ते पुन्हा लावून पाहायचे. सगळे नाही, पण बरेच निष्कर्ष वाचतील, आणि जे बदलायला हवेत ते कळतील. ज्या सोयीला मी लग्नपत्रिका म्हणालो, ती तिनं माझ्या चुकीसाठी बांधली होती, दोन शनिवार-रविवार बसून.

"मग बाविसाव्यात 'किरकोळ' का लिहिलंस?"

"मग काय लिहू, सर? पहिल्या पडद्यावर तुमचं नाव येणार आहे. मॅडमनी कालच मान्य केलंय. मीच डिझाइन केलंय."

खरं सांगायचं, तर इथं मला सगळ्यात जास्त जळायला झालं. काम तिनं माझ्याहून चांगलं केलं, ते एक वेळ सोसलं असतं. पण मोठेपणासुद्धा तिनंच करावा? माझ्या वयाच्या माणसाला निदान तेवढं तरी राखीव असावं.

"बैठकीत मी बोलेन," म्हटलं. "तू एक शब्द बोलायचा नाही."

"सर, गरज नाहीये. नवी आवृत्ती आली की आपोआप मिटेल. यार, कुणाला कळणारही नाही." मग जीभ चावली. "सॉरी सर. यार निघून गेलं."

"असू दे. दामूला कळलंय ना. बारा वर्षांपूर्वी. फक्त त्याला कुणी विचारलं नाही."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बैठक. भानुमती मॅडम, एकूण अकरा माणसं, समोसे.

मॅडम म्हणाल्या, "वैशंपायनजी को नए वर्जन से कुछ शिकायतें हैं. दो सेंटर के लेटर भी हैं."

मी उठलो. बोलायचं हिंदीत ठरवलं होतं, कारण हिंदीत मी माझा नसतो, त्यामुळे सोपं जातं. म्हटलं, शिकायत आहे, पण जुन्या आवृत्तीबद्दल. दोन्ही पत्रं वाचून दाखवली. दामूंचे बारा आकडे वाचले. मग करनालचा नकाशा भिंतीवर लावला आणि तेच बारा आकडे त्याच क्रमानं बोटानं दाखवले. खोलीत समोसा चावायचा आवाजही थांबला.

कुणीतरी विचारलं, "ये टू फिफ्टी सेवन आया कहाँ से?"

"निजी कारण," म्हटलं. रेवती खिडकीबाहेर बघत होती, ओठ दाबून.

मॅडमनी दोन्ही पत्रं स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "ये आप न बताते तो?"

"तो किरकोळ सुधार कहलाता."

दोन निर्णय झाले. बाविसावं कलम मी स्वतः लिहायचं. एक्केचाळीस केंद्रांना पत्रही मी लिहायचं. पहिल्या पडद्यावरच्या नावाचा विषय कुणी काढला नाही. मी काढला. म्हटलं, राहू द्या. चूक कुणाची हे शोधायला लोकांना लांब जायला नको.

१३ ऑक्टोबर, सोमवार

बाविसावं कलम, अंतिम:

'सन २००९ पासून, वापरकर्त्यानं सुरुवातीचा आकडा न दिल्यास सॉफ्टवेअर २५७ हाच आकडा घेत असे. त्यामुळे समान आकाराच्या सर्व प्रयोगांना एकच मांडणी मिळत गेली. ही चूक मूळ रचनाकाराची आहे. दुरुस्ती: रेवती. जुने प्रयोग कलम २१ वापरून पुन्हा तपासावेत; त्यासाठी लागेल ती मदत निम्नस्वाक्षरीकार स्वतः करील.'

रेवती म्हणाली, "सर, 'दुरुस्ती' मोठ्या अक्षरात नको."

"तू किरकोळ लिहिलंस, मी ठळक लिहितो. प्रत्येकाची शैली."

पत्रं एकेक करून पाठवतो आहे, नेहमीसारखी, नमस्कारापासून सहीपर्यंत. अलकाबाईंच्या पत्रात शेवटी दामूंना लिहिलं: पाठांतर विसरण्याची विनंती. आयुष्यात कुणाला असं सांगावं लागेल असं पाठशाळेत वाटलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पाचवी आवृत्ती गेली. संध्याकाळपर्यंत खिडकीनं बत्तीस प्रश्नांना उत्तरं दिली. मला चार पत्रं आली. तीन रागाची होती. एक खिडकीनं पाठवलेलं: 'हा प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, कृपया वैशंपायन सरांना विचारा.' असं म्हणायला तिला कुणी शिकवलं हे मी विचारलं नाही. सगळ्या गोष्टी उजेडात आणल्याच पाहिजेत असं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळी घरी पत्राची एक प्रत टेबलावर राहिली होती. सुमित्रानं चष्मा लावून पूर्ण वाचली.

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय."

"चांगलं पत्र आहे. पण दोनशे सत्तावन्नच का? आपला घर नंबर नाही, गाडीचा नाही."

लपवायला आता काही उरलं नव्हतं. रेवतीनं ते आधीच ओळखलं होतं हेही सांगितलं, आणि पत्राच्या पाठीमागे लिहून दाखवलं. सु, मि, त्रा. सात, पाच, दोन. उजवीकडून.

तिनं एकेका आकड्यावर बोट ठेवून उजवीकडून पुन्हा वाचलं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येतंय. पण ती मूळ संख्या आहे, असं सहज काही होत नाही.

"म्हणजे सोळा वर्षं," ती म्हणाली, "एक्केचाळीस ठिकाणी माझ्या नावानं चुका केल्यात."

"तसं म्हणता येईल."

"आणि घरात मात्र 'अगं'. 'ऐकलंस का'. पाहुणे असले की 'आमच्या घरात'. तीस वर्षांत एकदा नावानं हाक मारली नाहीत. ते त्या पोरीला कळलं, यंत्राला कळलं, जालन्याच्या दामूच्या तोंडी बसलं. मलाच काय ते माहीत नाही."

पत्राची घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवली. तिथं ती महत्त्वाचे कागद ठेवते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी गॅलरीत बसलो होतो. पलीकडच्या मनोऱ्यावरून धूळ येत होती, हवाही दिवाळीआधीच जड झालेली. चहा व्हायचा होता. दोनदा घसा साफ केला. आजूबाजूच्या गॅलऱ्यांत कुणी नाही हे पाहिलं.

"सुमित्रा!"

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग तिचा आवाज आला, जरा घाबरलेला:

"अहो, बघा ना, दारात कोण आलंय?"